देवगिरीचे मीठ आणि आईची नथ

दौलताबादचा किल्ला पाहून परतणाऱ्या सहलीतल्या मुलांना 'काय पाहिले?' असे विचारले, तर ती खंदक, अंधारी आणि मेंढा तोफ एवढी तीन नावे हमखास सांगतात. सहल पावसाळ्याच्या अखेरीस गेली असेल, तर पायथ्याशी विकायला ठेवलेली सीताफळेही त्यांच्या लक्षात राहतात. पण या किल्ल्याची एक चौथी गोष्ट आहे, आणि ती आहे मिठाची.

इ. स. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी अचानक देवगिरीवर चालून आला. राजा रामचंद्रदेव यादव याचे बरेचसे सैन्य युवराजाबरोबर दूर गेलेले होते. राजाने किल्ल्याचा आसरा घेतला. त्या गडबडीत कोकणाकडच्या व्यापाऱ्यांनी आणलेली हजारो पोती किल्ल्यावर चढवण्यात आली. पोत्यांत धान्य आहे असा सर्वांचा समज होता. वेढा पडल्यावर पोती उघडली, तो आत मीठ! मिठावर किती दिवस लढणार? राजाला तह करावा लागला, आणि सोने, रुपे, मोती व रत्ने यांची प्रचंड खंडणी द्यावी लागली. सुमारे तीनशे वर्षांनंतर होऊन गेलेल्या फिरिश्ता या इतिहासकाराने ही हकिकत लिहून ठेवली आहे.

कोट शाबूत होते आणि खजिनाही शाबूत होता. चूक झाली ती साठवणीत. काय कोठे ठेवले आहे, हे कोणी उघडून पाहिलेच नव्हते.

मी पदार्थविज्ञानाचा शिक्षक आहे, इतिहासाचा नव्हे. तरीही ही गोष्ट मला वारंवार आठवते. कारण असाच एक प्रकार माझ्या घरी घडला, आणि तोही दागिन्यांच्या बाबतीत.

शास्त्रीय पद्धतीने केलेली चूक

माझे बालपण दौलताबादला, किल्ल्याच्या सावलीत गेले. आईकडे दागिने थोडेच होते: एक मोत्यांची नथ, चांदीचे पैंजण, एक खड्याची अंगठी आणि सोन्याची बारीक साखळी. नथ तिच्या आईकडून आलेली होती. ती एका लाकडी करंड्यात, जुन्या धुवट लुगड्याच्या मऊ तुकड्यात गुंडाळलेली असे. गौरीच्या दिवशी, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आणि कोणाच्या लग्नाला आई ती घाले, आणि घरी आल्यावर पुसून पुन्हा त्याच तुकड्यात ठेवी. पन्नास वर्षे त्या नथीचे पाणी कमी झाले नाही.

आई गेल्यावर तो करंडा माझ्याकडे आला. आपण विज्ञान शिकवतो, तेव्हा दागिने शास्त्रीय पद्धतीने ठेवले पाहिजेत, असे मला वाटले. मी एक घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घेतला. ओल धरू नये म्हणून त्यात सिलिका जेलच्या सात-आठ पुड्या टाकल्या. पैंजणांची जोडी रबरबँडने बांधली. नथ, अंगठी आणि साखळी त्याच डब्यात ठेवली, झाकण लावले आणि डबा कपाटात ठेवून दिला. त्यावर दोन उन्हाळे गेले.

मुलीचे लग्न ठरले. आजीची नथ घालायची असा तिचा हट्ट होता. डबा उघडला आणि मी चरकलो. पैंजणांवर जेथे रबरबँड होता, बरोबर तेथेच काळेकुट्ट पट्टे उमटले होते. साखळीची गाठ पडून तिचा गोळा झाला होता. आणि नथीच्या सात मोत्यांपैकी दोघांना केसासारख्या बारीक चिरा गेल्या होत्या, एकावर ओरखडा होता, आणि बाकीचे निस्तेज दिसत होते.

सराफ्यातील एका वृद्ध सराफांकडे मी नथ घेऊन गेलो. त्यांनी ती भिंगाखाली धरली आणि शांतपणे म्हणाले, "सर, मोत्याला तहान लागते. तुम्ही त्याला कोरडा ठेवला."

त्या एका वाक्यात बरेच पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र आहे. माझ्या प्रत्येक चुकीमागचे कारण आता पाहू या.

चांदी काळी का पडते?

लोखंड गंजते ते ऑक्सिजन आणि पाणी यांच्यामुळे. चांदीवर मात्र साध्या हवेतील ऑक्सिजनचा परिणाम जवळजवळ होत नाही. तिचे वैर आहे गंधकाशी. हवेत हायड्रोजन सल्फाइड हा वायू अतिशय अल्प प्रमाणात असतो. हवेच्या एक अब्ज भागांत त्याचा एखादा भाग किंवा त्याहूनही कमी. पण तेवढाही चांदीला पुरतो. चांदी, हायड्रोजन सल्फाइड आणि ऑक्सिजन यांच्या संयोगाने सिल्व्हर सल्फाइड आणि पाणी तयार होते. सिल्व्हर सल्फाइड काळे असते. हवेत ओल असली की ही क्रिया अधिक वेगाने होते.

हे काळेपण एकदम येत नाही. चांदी आधी पिवळसर दिसते, मग तपकिरी, मग निळसर झाक येते आणि शेवटी ती काळी पडते. सुरुवातीला हा थर इतका पातळ असतो, की त्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परावर्तित झालेल्या प्रकाशतरंगांचे व्यतिकरण होते. पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या तेलाच्या तवंगावर रंग दिसतात, त्याच जातीचा हा प्रकार आहे. म्हणून चांदी पिवळसर दिसू लागली, की काळी पडायच्या आधीच सावध व्हावे.

आता घरात गंधक कोठे असते ते पाहा. रबर टिकाऊ करण्यासाठी ते गंधकाबरोबर तापवलेले असते; म्हणजे रबरबँड हा गंधकाचा लहानसा साठाच होय. लोकरीत गंधक असते. अंड्यांत असते. कांदा-लसणाचा उग्र वास गंधकाच्या संयुगांचाच असतो. स्वयंपाकघरातील फडताळात, कांद्याच्या टोपलीशेजारी दागिन्यांचा डबा ठेवण्याची पद्धत पुष्कळ घरांत आहे. चोराचे लक्ष जाऊ नये हा त्यामागचा हेतू. चोराचे लक्ष जात नसेल, पण गंधकाचे जाते.

मोत्याची तहान

हिरा, माणिक, पाचू हे खनिज पदार्थ आहेत. मोती मात्र जीवाने घडवलेला असतो. कालव आपल्या शरीरात शिरलेल्या त्रासदायक पदार्थाभोवती थरावर थर चढवते. प्रत्येक थरात कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे ॲरॅगोनाइटचे, चपटे स्फटिक विटांसारखे रचलेले असतात. त्यांची जाडी साधारण अर्धा मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दोन हजारावा भाग असते. या विटांना धरून ठेवणारा चुना म्हणजे काँकिओलिन हा प्रथिनजन्य पदार्थ. विटांची जाडी दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या जवळपास असल्यामुळे थराथरांवरून परतणाऱ्या प्रकाशाचे व्यतिकरण होते, आणि आपण ज्याला 'मोत्याचे पाणी' म्हणतो ती झळाळी दिसते.

मोत्यात थोडे पाणी खरोखरच असते. वजनाच्या साधारण दोन ते चार टक्के. हवा फार कोरडी झाली तर ते निघून जाऊ लागते, काँकिओलिन आक्रसते आणि थरांत चिरा पडतात. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत दुपारी सापेक्ष आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखालीही जाते. त्यात मी मोत्यांना सिलिका जेलच्या शेजारी बसवले. सिलिका जेलचे दाणे दिसायला साबुदाण्यासारखे असले, तरी त्यांत असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. एका ग्रॅम सिलिका जेलमधील या छिद्रांचा एकूण पृष्ठभाग सुमारे सातशे-आठशे चौरस मीटर भरतो. एवढा विस्तीर्ण टीपकागद लावल्यावर मोत्याने पाणी कोठून आणायचे?

कॅल्शियम कार्बोनेट म्हटल्यावर तुम्हांला प्रयोगशाळेतील संगमरवराचे तुकडे आणि आम्ल आठवले असेल. तीच क्रिया मोत्यावरही होते. लिंबू, चिंच, शिर्का यांनी मोती साफ करणे म्हणजे तो विरघळवणे होय. घाम, अत्तर आणि केसांचे तेलही त्याला चालत नाही. म्हणून 'दागिन्यांत मोती सर्वांत शेवटी घालावा आणि सर्वांत आधी काढावा' असे सांगतात. आई नथ काढल्यावर प्रथम पुसत असे, त्याचे कारण मला फार उशिरा कळले.

येथे एक गंमत लक्षात घ्या. सिलिका जेल चांदीला हितकारक आणि मोत्याला अहितकारक. म्हणजे दोघांना एका डब्यात ठेवून दोघांनाही सुखी करता येणार नाही. साठवणीचा पहिला नियम त्यातून निघतो: दागिने कोणाचे किंवा कोणत्या प्रसंगाचे यावरून न लावता, ते कशाचे आहेत यावरून लावावेत.

कोण कोणाला ओरखडतो?

जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीड्रिश मोस याने १८१२ मध्ये खनिजांच्या कठिनतेची एक ते दहा अशी श्रेणी तयार केली. जो पदार्थ दुसऱ्यावर ओरखडा काढतो तो अधिक कठीण, असा त्याचा साधा नियम आहे. या श्रेणीत हिरा १० वर, माणिक आणि नीलम ९ वर, पाचू साडेसात ते ८, तर गारगोटी ७ वर येते. सोने आणि चांदी अडीच ते तीनच्या दरम्यान, आणि मोती अडीच ते साडेचारच्या दरम्यान. तुमचे नख अडीचच्या जवळपास असते.

आता माझ्या डब्यात काय घडले ते उघड आहे. कपाटाचे दार उघडले-मिटले, डबा इकडचा तिकडे झाला, की प्रत्येक वेळी अंगठीचा खडा मोत्यावर घासला जाई. कठिनतेच्या या लढाईत मोत्याचा पराभव ठरलेलाच होता.

आणखी एक गोष्ट. घरातील धुळीत गारगोटीचे सूक्ष्म कण असतात, आणि त्यांची कठिनता ७. धूळ बसलेला मोती किंवा सोन्याची पाटली कोरड्या फडक्याने जोरात पुसणे म्हणजे तिच्यावर पॉलिशपेपर फिरवणे होय. धूळ आधी मऊ कुंचल्याने झटकावी, आणि मग मऊ सुती कापड किंचित ओलसर करून हलक्या हाताने पुसावे. टूथपेस्टने चांदी उजळते हे खरे. पण तिच्यातले घासणारे कण काळ्या थराबरोबर थोडी चांदीही घेऊन जातात.

साखळीला गाठ कोण मारते?

एकटीच पडलेली साखळी स्वतःला गाठ कशी मारून घेते, हा प्रश्न तुम्हांला कधी पडला आहे का? अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील डोरियन रेमर आणि डग्लस स्मिथ या शास्त्रज्ञांना तो पडला. त्यांनी दोरीचा तुकडा एका पेटीत टाकला, पेटी यंत्राने फिरवली आणि किती वेळा गाठ पडते ते मोजले. हा प्रयोग त्यांनी ३,४१५ वेळा केला! त्यांचा निबंध २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. गाठी काही सेकंदांतच पडत होत्या, आणि गणिताच्या दृष्टीने भिन्न असे १२० प्रकार त्यांत आढळले. त्यांची दोरी सुमारे ४६ सेंटिमीटरपेक्षा आखूड असली की गाठ पडत नसे. लांबी वाढली की शक्यता झपाट्याने वाढे. साखळी दोरीपेक्षा पुष्कळच लवचिक असते, म्हणून तिला कमी लांबीतही गाठी पडतात.

गाठ पडते ती मोकळ्या टोकामुळे. टोक इकडून तिकडे शिरले की गाठ तयार. यावरून दोन उपाय सुचतात. पहिला, साखळी ठेवताना तिचा फासा लावून ठेवा. टोकेच नसलेल्या बंद कड्याला नव्याने खरी गाठ पडूच शकत नाही. हे गणिताने सिद्ध झालेले आहे. तिचा गुंता होईल, पण तो सुटेल. दुसरा उपाय, सरबताची कागदी स्ट्रॉ घ्या, साखळीच्या निम्म्या लांबीएवढी कापा, साखळी तिच्यातून ओवा आणि बाहेर फासा लावा. साखळीला वळवळायला जागाच उरत नाही.

पुन्हा एकदा मीठ

आपल्या घामात मीठ असते. दागिना अंगावरून काढून तसाच डब्यात टाकला, तर त्याच्या सांध्यांत आणि नक्षीच्या खाचांत हे मीठ साचते. सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली, की मीठ हवेतील पाणी ओढून घेऊन स्वतःच त्यात विरघळते. श्रावणात स्वयंपाकघरातील मीठ ओले होते ते यामुळेच. दागिन्यावर असे खारट पाण्याचे थेंब तयार झाले, की चांदी आणि तांबे यांच्यावर ते काम करू लागतात. शुद्ध सोन्यावर परिणाम होत नाही. पण दागिन्यांचे सोने बहुधा २२ कॅरटचे, म्हणजे ९१.६ टक्के असते. उरलेल्या भागात चांदी, तांबे यांसारखे धातू असतात, आणि ते डागाळतात.

ओल केवळ मिठामुळेच येते असे नाही. एक साधे गणित करा. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम वाफ मावते. २० अंशांना फक्त सुमारे १७ ग्रॅम. पावसाळ्यातील एखाद्या दिवशी तापमान ३० अंश आणि सापेक्ष आर्द्रता ७० टक्के असेल, तर हवेत २१ ग्रॅम वाफ झाली. हीच हवा एखाद्या २० अंशांच्या थंडगार पृष्ठभागाला टेकली, की तिच्यातील सुमारे ४ ग्रॅम वाफ मावेनाशी होते आणि तिचे दव पडते. बाहेरच्या ओल्या भिंतीला चिकटवून ठेवलेले लोखंडी कपाट हा असा थंड पृष्ठभाग असतो. म्हणून कपाट भिंतीपासून चार बोटे तरी दूर ठेवावे आणि दागिन्यांचा डबा मागच्या पत्र्याला टेकवू नये.

तीन कोटांची पेटी

देवगिरीच्या किल्ल्याला एकात एक असे कोट आहेत: बाहेरचा अंबरकोट, त्याच्या आत महाकोट आणि त्याच्याही आत काळाकोट. त्यापुढे खंदक, तासलेला कडा आणि अंधारी. एका तटावर सगळी भिस्त ठेवलेली नाही. दागिन्यांसाठी आपण हीच रचना करू. खर्च जवळजवळ काही नाही.

अंबरकोट म्हणजे कपाट. ते स्वयंपाकघराबाहेर, उन्हापासून आणि ओल्या भिंतीपासून दूर असावे. पारा भरलेला जुना तापमापक त्यात कधीही ठेवू नका. तो फुटला तर पारा सोन्यात शिरतो आणि सोने पांढरे पडते.

महाकोट म्हणजे पेट्या. एक नव्हे, दोन. चांदीची पेटी घट्ट झाकणाची असावी. तिच्यात सिलिका जेलची पुडी किंवा, ती नसेल तर, फळ्यावर लिहायच्या खडूचे दोन-तीन तुकडे कापडात बांधून ठेवा. खडू सच्छिद्र असतो, तो थोडी ओल टिपतो. महिन्या-दोन महिन्यांनी तो उन्हात वाळवावा. मोत्यांची पेटी मात्र लाकडाची किंवा पुठ्ठ्याची, थोडी हवा खेळणारी असावी, आणि तिच्यात टिपणारे काही नसावे. कडक उन्हाळ्यात त्या कपाटात एका वाटीत ओला कापसाचा बोळा ठेवला तरी पुरते. मात्र तो मोत्यांना लागता कामा नये. सोने दोन्हींपैकी कोठेही राहील.

काळाकोट म्हणजे प्रत्येक दागिन्याचे स्वतंत्र घर. येथे तुमच्या कल्पकतेला वाव आहे. रिकाम्या काड्यापेट्यांचे बाहेरचे वेष्टन एकमेकांना चिकटवले, की बारा खणांचे छोटे कपाट तयार होते. खणांना शर्टाची बटणे शिवली की ओढायला मुठी मिळतात. मात्र पेटीच्या बाजूचा घासायचा काळपट पट्टा आधी सोलून काढा, आणि आगकाडीचा गुलही आत राहू देऊ नका, कारण गुलात गंधक असू शकते. कानातल्या कुड्यांची जोडी एका मोठ्या बटणाच्या दोन भोकांत अडकवली तर एक सापडली आणि दुसरी हरवली असे होत नाही. बांगड्या व पाटल्या साडीच्या दुकानात मिळणाऱ्या पुठ्ठ्याच्या नळीवर सुती कापड गुंडाळून त्यावर ओवाव्यात. खड्यांच्या अंगठ्या एकमेकींना लागू नयेत म्हणून कापसाच्या गादीत चिरा पाडून एकेक बसवावी.

गुंडाळायला कागद कोणता घ्यावा? येथे दौलताबादकरांना शेजारचाच माल उपयोगी पडतो. दौलताबाद आणि खुलताबाद यांच्यामध्ये कागजीपुरा नावाचे गाव आहे. महंमद तुघलकाने १३२७ मध्ये आपली राजधानी येथे हलवली, त्या काळापासून येथे हातकागद तयार होत आल्याचे सांगतात. हा कागद सुती चिंध्यांच्या लगद्यापासून करतात. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यात लिग्निन असते, ते हळूहळू आम्ले सोडते आणि कागद पिवळा पडतो. सुती लगद्यात लिग्निन जवळजवळ नसते. जगातील वस्तुसंग्रहालये मौल्यवान वस्तू आम्लरहित कागदात गुंडाळतात, त्याचे कारण हेच. मात्र रंगीत हातकागद घेऊ नका, आणि साधा कागदही वापरण्यापूर्वी पुढील प्रयोग करून पाहा.

करून पाहा

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये एक प्रश्न होता: वस्तू ज्या कपाटात ठेवायच्या, त्या कपाटाचे कापड, लाकूड आणि रंगच वस्तूंना बाधत नाहीत ना? तेथील शास्त्रज्ञ अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ मध्ये एक चाचणी सुचवली. तपासायचा पदार्थ, चांदी, तांबे व शिसे यांचे स्वच्छ तुकडे आणि थोडे पाणी एका बंद पात्रात ठेवून पात्र ६० अंशांना २८ दिवस ठेवायचे, आणि धातूंवर काय परिणाम होतो ते पाहायचे. आजही वस्तुसंग्रहालये ही चाचणी वापरतात.

तिचा सोपा अवतार तुम्ही शाळेत करू शकाल. शिसे विषारी असल्यामुळे ते वगळा. मुरंब्याच्या काचेच्या चार बाटल्या धुऊन वाळवा. तांब्याच्या तारेचे चार तुकडे पॉलिशपेपरने चकचकीत करा. चांदीचे जुने मोडके जोडवे मिळाले, तर त्याचे चार तुकडे शिक्षकांकडून करून घ्या. प्रत्येक बाटलीत एक तांब्याचा आणि एक चांदीचा तुकडा दोऱ्याने टांगा आणि तळाशी ओला कापूस ठेवा. पहिल्या बाटलीत रबरबँड टाका, दुसरीत लोकरीचा तुकडा, तिसरीत सुती हातकागद. चौथीत काहीही टाकू नका. तिच्याशी बाकीच्यांची तुलना करायची आहे. झाकणे घट्ट लावून त्यांवर चिठ्ठ्या चिकटवा. आपण भट्टी वापरत नसल्यामुळे वेळ अधिक लागेल; दोन-तीन महिने धीर धरा आणि दर आठवड्याला दिसेल ते वहीत नोंदवा. ज्या बाटलीतील धातू चौथ्या बाटलीतील धातूंइतकेच स्वच्छ राहतील, तिच्यातील पदार्थ दागिन्यांशेजारी ठेवायला योग्य समजावा.

काळी पडलेली चांदी घासण्याऐवजी परत मिळवताही येते. काचेच्या भांड्याच्या तळाशी ॲल्युमिनियमचा पातळ कागद पसरा, त्यावर चांदी ठेवा, दोन चमचे खाण्याचा सोडा टाका आणि मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली कढत पाणी ओता. एक छोटा विद्युतघटच तयार होतो. ॲल्युमिनियम झिजते आणि सिल्व्हर सल्फाइडचे क्षपण होऊन चांदी तेथल्या तेथे परत बसते. सडक्या अंड्यासारखा किंचित वास आला, तर तो चांदीला सोडून जाणारा हायड्रोजन सल्फाइड समजा. म्हणून खिडकी उघडी ठेवा. मोती, खडे किंवा लाख भरलेले दागिने यात कदापि घालू नका. लाख गरम पाण्यात मऊ पडते आणि दागिना आतून सुटतो.

माझे पैंजण या पद्धतीने उजळले. साखळीची गाठ सुईने आणि संयमाने सुटली. मोती मात्र परत आले नाहीत. रसायनशास्त्रातील काही क्रिया उलट फिरवता येतात, काही येत नाहीत.

पोते उघडून पाहा

शेवटचा नियम सर्वांत सोपा, पण सर्वांत जास्त विसरला जाणारा. प्रत्येक खणावर क्रमांक घाला. एका वहीत त्या क्रमांकापुढे दागिन्याचे नाव, तो कशाचा आहे, ग्रॅममध्ये वजन आणि एक छोटे रेखाचित्र किंवा छायाचित्र ठेवा. तो कोणाकडून आला हेही लिहा. ही वही पेटीत ठेवू नका, वेगळी ठेवा. मोठ्या किमतीचे दागिने बँकेतील तिजोरीत असतील, तर त्यांचीही नोंद हवी. आणि वर्षातून दोनदा, पाडव्याला आणि दसऱ्याला, प्रत्येक खण उघडून पाहा. चांदी पिवळसर दिसते का? मोत्याचा दोरा सैल झाला आहे का? मोती असतील तर ते त्या दिवशी अंगावर घाला. आईची नथ पन्नास वर्षे टिकली; ती वरचेवर बाहेर निघत होती, पुसली जात होती आणि दर वेळी कोणीतरी तिच्याकडे पाहत होते.

इ. स. १३४२ च्या सुमारास इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी दौलताबादला आला होता. येथील व्यापारी मुख्यतः रत्नांचा व्यापार करतात आणि ते अतिशय श्रीमंत आहेत, असे त्याने नमूद केले आहे. ते व्यापारी आपले मोती कसे ठेवत असतील, हे आता आपल्याला कोण सांगणार? पण मोत्यांना तहान लागते हे त्यांनाही ठाऊक असले पाहिजे. नाहीतर त्यांचा व्यापार एका उन्हाळ्यातच बसला असता.

वृद्ध सराफांनी नथीचे तीन मोती बदलून दिले. उरलेले चार जुनेच आहेत. मुलीने लग्नात ती नथ घातली. आता ती पुठ्ठ्याच्या पेटीतील चौथ्या खणात, आईच्या लुगड्याच्या त्याच तुकड्यात आहे. वहीत चौथ्या क्रमांकापुढे लिहिले आहे: 'नथ. सोने, सात मोती, त्यांतील तीन नवे. आजीच्या आईकडून. सिलिका जेल ठेवू नये.'

मित्रांनो, येत्या रविवारी आईच्या किंवा आजीच्या परवानगीने, त्यांच्या शेजारी बसून, घरातील दागिन्यांचा डबा एकदा उघडा. कोणता दागिना कशाचा आहे आणि कोणाच्या शेजारी पडला आहे ते पाहा. तेवढ्या वेळात त्या दागिन्यांच्या गोष्टीही ऐकायला मिळतील. त्याही वहीत लिहून ठेवा.